लेखणीचे ऋण

परदेशी जाणारा प्रत्येक मनुष्य तेथे आपल्यापुरते काहीतरी शोधत असतो. कोणी चित्रसंग्रहालये धुंडाळतो, कोणी जुनी प्रार्थनास्थळे पाहतो, कोणी आपल्याकडची डाळ आणि तांदूळ मिळणारे दुकान शोधतो. थोडे लोक असेही असतात की, नव्या शहरात सामान उतरवून झाले की शाईच्या पेनांचे दुकान येथे कोठे आहे, ही चौकशी त्यांच्याकडून आपोआप होते. न्यूयॉर्कमध्ये १९४६ साली सुरू झालेले 'फाउंटन पेन हॉस्पिटल', टोकियोच्या गिंझा भागातील १९०४ सालचे 'इतोया' ही नावे अशा मंडळींना तीर्थक्षेत्रांसारखी तोंडपाठ असतात. प्रस्तुत लेखक त्या मंडळींपैकीच एक. निवृत्तीनंतर मुलाकडे जर्मनीस आणि पुतणीकडे इंग्लंडला जाण्याचे योग आले, तेव्हा हा छंद मी मनसोक्त पुरवून घेतला.

परंतु छंद पुरवून घेणे वेगळे आणि त्याचे समर्थन करता येणे वेगळे. ज्याच्या घरी चांगली लिहिती पेने आहेत, ज्याचे दिवसाचे लेखन दोन पानांच्या पलीकडे जात नाही, त्याने आणखी एका पेनासाठी परक्या शहरात पायपीट करावी, हे योग्य आहे काय? प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. तरी त्याच्या पोटात एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे, तो असा की, वस्तू आपली होते ती नेमकी कशाने? मोल दिल्याने, वापरल्याने, की आणखी कशाने?

आधी शब्दांकडे पाहू. फाउंटन पेनला मराठीत 'झरणी' असा एक सुरेख शब्द सुचवला गेला होता. तो रुळला नाही आणि आपण 'शाईचे पेन' म्हणू लागलो. जपानी भाषेत याच वस्तूला 'मान्नेनहित्सु' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ दहा हजार वर्षांची लेखणी. यात अतिशयोक्ती आहे हे उघड आहे. पण तिच्यात एक विचारही आहे. माणूस फार तर ऐंशी-नव्वद वर्षांचा धनी. लेखणी दहा हजार वर्षांची. मग या दोघांत मालक कोण आणि पाहुणा कोण?

माझ्या प्रवासातील दोन दुकाने येथे समोरासमोर ठेवतो. पहिले एका मोठ्या शहराच्या हमरस्त्यावरचे. काचेच्या कपाटात मखमलीवर पेने मांडलेली, प्रत्येकावर स्वतंत्र दिवा. विक्रेत्याने अदबीने विचारले, "कोणाला भेट द्यायची आहे का?" मी स्वतःसाठी म्हटल्यावर त्याने पेनाआधी पेटी उघडून दाखवली. पेटीचे लाकूड, आतले अस्तर, प्रमाणपत्र, त्यावरील क्रमांक, सारे काही दाखवून झाले. लिहून पाहण्याचा विषय मात्र निघाला नाही. मी तो काढला, तेव्हा त्याने कोरडीच निब कागदावर टेकवण्यास सुचवले. शाईत बुडवलेले पेन पुढे पूर्ण किमतीस विकता येत नाही म्हणून. त्याच्या बाजूने ते बरोबरच होते.

दुसरे दुकान जर्मनीतील एका लहान गावातले. तेथे अशा दुकानांवर 'श्राइबवारेन' अशी पाटी असते, म्हणजे लेखनाच्या वस्तू. वह्या, पट्ट्या, पाकिटे, वाढदिवसाची कार्डे आणि त्यांतच एका फळीवर शाईची पेने. जर्मनीत अनेक शाळांत मुले पेन्सिल सोडून पहिल्या-दुसऱ्या वर्षांतच शाईच्या पेनाने लिहू लागतात. १९६० साली पेलिकान कंपनीने 'पेलिकानो' आणि १९८० साली लामी कंपनीने 'सफारी' ही पेने काढली ती विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून. डाव्या हाताने लिहिणाऱ्यांसाठी वेगळी निबही मिळते. शाळा सुरू होण्याचे दिवस होते. एक आई सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. दुकानदारीणबाई वयस्क होत्या. त्यांनी मुलीला रंग विचारण्याआधी हात विचारला. तीन पेने भरून तिच्यापुढे ठेवली आणि कागद दिला. मुलीने आपले नाव तीनदा लिहिले, तिसरे पेन उचलले, खरेदी संपली.

मग माझी पाळी. मुलगा दुभाष्याचे काम करीत होता. बाईंनी मलाही आधी हात विचारला आणि नंतर असा एक प्रश्न केला की जो आजवर कोणत्याही दुकानात मला कोणी विचारला नव्हता: "तुम्ही किती लिहिता?" किती खर्च करणार, हे सर्वत्र विचारतात. किती लिहिता, हे कोणी विचारीत नाही. मी म्हणालो, महिन्याला पाच-सहा पत्रे, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज आणि तीन महिन्यांतून एखादा लेख. त्यांनी कागद पुढे सरकवला. मी सवयीने 'श्री' लिहिले आणि वर शिरोरेषा ओढली. त्या रेघेला बारीक निब खरखरली. बाईंना अक्षर अर्थातच वाचता आले नाही, पण खरखर ऐकू आली. त्यांनी ते पेन बाजूस ठेवून मध्यम निबेचे दुसरे दिले. ते शाळकरी मुलांचेच होते आणि पहिल्याहून स्वस्त होते.

या प्रसंगाचा मी पुढे पुष्कळ विचार केला. पस्तीस वर्षे शासकीय सेवेत काढलेल्या माणसाला आपल्या गावी लेखणीच्या दुकानात कोणी असे विचारणार नाही. तेथे तो 'साहेब' असतो. साहेबाला शोभेल असे पेन त्याच्यापुढे येते. परदेशात पदनाम चालत नाही. निवृत्त असो वा सेवेत, राजपत्रित असो वा नसो, दुकानदाराला दिसतो तो फक्त एक हात आणि त्याने ओढलेली रेघ. सात वर्षांची मुलगी आणि सत्तरीकडे झुकलेला अधिकारी यांना एकच कागद आणि एकच कसोटी. मला वाटते, परक्या शहरात पेनांचे दुकान शोधण्यामागची खरी ओढ हीच असावी. ओळखीच्या जगात जे आपल्याला विचारले जात नाही, ते कोणीतरी निर्हेतुकपणे विचारावे.

गुजरातेत राहणाऱ्या माणसाला या विषयावर विचार करताना गांधीजींची आठवण न होणे अशक्य आहे. 'हिंद स्वराज' हे पुस्तक त्यांनी १९०९ साली नोव्हेंबरात लंडनहून दक्षिण आफ्रिकेस परतताना 'किल्डोनन कॅसल' या बोटीवर दहा दिवसांत लिहिले. कागद बोटीवरचाच. हस्तलिखिताची पाने पावणेतीनशेच्या आसपास. उजवा हात थकला तेव्हा त्यांपैकी चाळीसएक पाने त्यांनी डाव्या हाताने लिहिली. त्यांचे पेन कोणते होते याची चौकशी कोणी करीत नाही, आणि तसे करण्याचे कारणही नाही. लिहिणाऱ्याला सांगायचे काही असले म्हणजे साधन हातामागे नाहीसे होते.

दुसरा प्रसंग काकासाहेब कालेलकरांनी सांगितला आहे. साताऱ्यास जन्मलेल्या आणि गुजराती गद्याचे शिल्पकार ठरलेल्या काकासाहेबांवर आपला दोन्हीकडून हक्क आहे. १९१५ सालच्या मुंबई काँग्रेसच्या वेळी गांधीजी काहीतरी कासावीस होऊन शोधत होते. विचारल्यावर कळले की, पेन्सिलीचा एक लहानसा तुकडा हरवला होता. काकासाहेबांनी आपली पेन्सिल देऊ केली. गांधीजींना ती नको होती. तो तुकडा मद्रासचे नटेसन यांच्या लहान मुलाने प्रेमाने दिलेला होता आणि तो हरवलेला त्यांना सहन होईना. शेवटी दोन इंचांहूनही लहान असलेला तो तुकडा सापडला, तेव्हा त्यांना स्वस्थता लाभली.

हा प्रसंग माझ्या विचाराला एक वळण देतो. 'वापराने वस्तू आपली होते' एवढेच खरे असते तर कोणतीही पेन्सिल चालली असती. त्या तुकड्याची योग्यता त्याच्या उपयोगात नव्हती, तो स्वीकारताना पत्करलेल्या बांधिलकीत होती. म्हणून मला 'वापर' हा शब्द अपुरा वाटतो आणि 'ऋण' हा शब्द अधिक नेमका वाटतो. वस्तू घेताना आपण तिचे काही देणे लागतो. ते देणे कधी कामाचे असते, कधी प्रेमाचे. ते फेडत राहण्याची तयारी ज्याच्यापाशी आहे, त्याची ती वस्तू.

याच कसोटीवर आणखी दोन घटना तपासून पाहण्याजोग्या आहेत. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि वर्धा हे त्याचे केंद्र बनले. गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीत रत्नम या कारागिराने १९३२ च्या सुमारास स्वदेशी फाउंटन पेने घडवण्यास आरंभ केला होता. त्याने केलेले एक पेन ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोहोचले. जुलै १९३५ मध्ये वर्ध्याहून गांधीजींनी त्याला स्वहस्ते पत्र पाठवले: पेन वापरून पाहिले, बाजारातील विलायती पेनांना ते चांगला पर्याय दिसते. पत्रात प्रशंसेआधी वापरल्याची नोंद आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसरी घटना २००९ सालची. माँ ब्लाँ या कंपनीने गांधीजींच्या नावे सोन्याच्या निबेची २४१ पेने काढली. दांडीयात्रेच्या २४१ मैलांची खूण म्हणून. निबेवर काठी घेऊन चालणारी त्यांची आकृती होती आणि एकेका पेनाची किंमत अकरा लाख रुपयांच्या वर होती. या निमित्ताने बालकामगारांसाठीच्या कामाला देणगीही दिली गेली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि केरळ उच्च न्यायालयात दाद मागितली गेली. राष्ट्रीय चिन्हे व नावे यांच्या गैरवापरास बंदी करणाऱ्या १९५० च्या कायद्याचा प्रश्न उभा राहिला आणि २०१० मध्ये भारतातील विक्री थांबवण्यात आली. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी मनाला खटकते ते किमतीपेक्षा दुसरेच काही. १९३० साली ज्या वाटेने तो मनुष्य सुरत जिल्ह्यातून पायी गेला, त्या वाटेचे मैल मोजून ती पेने घडवली गेली. पण त्यांपैकी किती पेनांनी पुढे एखादे साधे पत्र लिहिले असेल? बहुतेकांच्या नशिबी तिजोरीच आली असावी. ती विकत घेणारे त्यांचे धनी झाले हे खरे. ती त्यांची झाली काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

यावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला असा की, शाईच्या पेनाचे हे सारे कौतुक सुखवस्तू माणसाचे आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये २००१ साली सुरू झालेले लेखणीचे संग्रहालय आहे. एकोणिसाव्या शतकात जगभर वापरल्या जाणाऱ्या पोलादी निबांपैकी फार मोठा हिस्सा याच शहरात तयार होई. यंत्रांवर काम करणाऱ्या मुख्यतः स्त्रिया. एकेक जण दिवसाला हजारो निबा दाबून काढी. त्यामुळे निब स्वस्त झाली आणि ज्यांनी कधी लेखणी धरली नव्हती अशा असंख्य लोकांच्या हाती ती आली. आपल्या शाळांतले टाक त्याच परंपरेतले. पण त्या स्त्रियांपैकी कितीजणींना दिवसाअखेर दोन ओळी लिहिण्याचे त्राण उरत असेल? बॉलपेनचेही तसेच. १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये ते प्रथम विक्रीस आले तेव्हा त्याची किंमत साडेबारा डॉलर होती. आज ते पाच-दहा रुपयांत मिळते. आमच्या नवागाममध्ये धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली, यंत्रमागावर आणि साड्यांच्या कामावर राबणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. येथील वह्यापुस्तकांच्या दुकानात शाईचे पेन मागितले तर दुकानदार चमकून पाहतो. बँकेचा फॉर्म भरायला दोऱ्याने बांधलेले बॉलपेन पुरते. ज्याने अक्षर घरोघर नेले, त्या साधनाला हीन लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही.

हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. ऋणाचा विचार फाउंटन पेनापुरता नाहीच. पाच रुपयांच्या बॉलपेनाने मुलाच्या शाळेचा अर्ज भरणारी आई त्या लेखणीचे देणे पुरेपूर फेडते. फरक इतकाच की, बॉलपेन आपल्याला त्या देण्याची आठवण करून देत नाही. संपले की आपण ते टाकून देतो. शाईचे पेन चार दिवस पडून राहिले तर शाई सुकते, निब रुसते. ते धुवावे लागते, भरावे लागते. म्हणजे ते आपल्याला वारंवार विचारते की, तुला काही लिहायचे आहे की नाही?

दुसरा आक्षेप रसिकाचा. सुंदर वस्तू केवळ सुंदर आहे म्हणून जवळ बाळगू नये काय? सगळे उपयोगाच्या तराजूत तोलायचे ठरले तर माणसाच्या जगण्यात उरेल काय? यातही तथ्य आहे. संग्राहक नसते तर जुन्या पेनांची दुरुस्ती करणारे कारागीर केव्हाच नामशेष झाले असते आणि निब घासून तिची चाल सुधारण्याची विद्या त्यांच्याबरोबर गेली असती. जो संग्राहक पेन जपतो, उघडून समजून घेतो, पुढच्याला समजावतो, तो आपल्या रीतीने ऋण फेडतोच. माझी तक्रार सौंदर्याबद्दल नाही. ज्या वस्तूचे सौंदर्य तिच्या कामात आहे, तिला कामापासून तोडून केवळ किमतीशी बांधण्याबद्दल आहे. सतार सुंदर दिसते म्हणून भिंतीवर टांगावी; पण घरात एकालाही तिच्या तारा जुळवता येऊ नयेत, हे तिच्या सौंदर्याला धरून नाही.

कोबे शहरातील एका गोष्टीचा येथे उल्लेख केला पाहिजे. १९९५ च्या भूकंपात ते शहर उद्ध्वस्त झाले. तेथील नागासावा या जुन्या लेखनसाहित्याच्या दुकानाने पुढे २००७ पासून शहरातील एकेका ठिकाणाच्या नावाची आणि रंगाची शाई काढण्यास प्रारंभ केला. संकटात मदतीस आलेल्यांचे आभार पत्राने मानावेत, त्या पत्रात आपल्या गावचा रंग असावा, अशी त्यामागची भावना सांगितली जाते. विकायची वस्तूही ऋण मानून घडवता येते, हे त्या दुकानाने दाखवले. आपल्या महाराष्ट्रातही दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाई बनवायला घेतली. उंटाचे चित्र असलेल्या त्यांच्या शाईच्या दौतीने आपल्या दोन-तीन पिढ्यांची बोटे रंगवली. दौत घेणाऱ्या मुलाकडून परतफेडीची एकच अपेक्षा होती: त्याने धडा लिहावा.

आता माझ्यासारख्या निवृत्त माणसाचा प्रश्न. सेवेत असताना लेखणीला काम कोणते, हे विचारावे लागत नसे. टिपणीखाली सही झाली की कोणाचे निवृत्तिवेतन सुरू होई, कोणाची जमीन त्याच्या नावावर चढे. त्या सहीची ताकद लेखणीत नव्हती, खुर्चीत होती. खुर्ची सुटली की तीच सही केवळ एक नाव उरते. मग त्या नावाला नव्या लेखणीची गरज काय? या प्रश्नाने मला परदेशातील दुकानांपेक्षाही अधिक भटकवले आहे.

उत्तराची दिशा सुरतेच्याच एका माणसाने दाखवून ठेवली आहे. कवी नर्मद यांनी २३ नोव्हेंबर १८५८ रोजी मुंबईतील शिक्षकाची नोकरी सोडली, घरी येऊन भरल्या डोळ्यांनी लेखणीकडे पाहिले आणि स्वतःला तिच्या स्वाधीन केले. पुढे चोवीस वर्षे विपन्नावस्थेतही त्यांनी हा नेम पाळला. १८८२ साली मात्र प्रपंचाच्या ओढीने त्यांना पुन्हा चाकरी धरावी लागली. शेवटच्या या वळणामुळे त्यांची थोरवी उणावते असे मला वाटत नाही. उलट त्यावरून त्या नेमाचे मोल कळते. आपण म्हणतो, लेखणी माझी आहे. नर्मदांनी म्हटले, मी लेखणीचा आहे. मालकीची दिशाच त्यांनी उलटवली.

आपण सामान्य माणसे. सर्वस्व वाहण्याची आपली प्राज्ञा नाही. पण अंशाने ते करता येते. नवागाममध्ये माझ्याकडे शेजारच्या बायाबापड्या येतात. "दादा, एवढा अर्ज लिहून द्या." शिधापत्रिकेतील नाव, विधवा-साहाय्याची रक्कम, शाळेच्या दाखल्यावरील चुकलेली जन्मतारीख. त्या अहिराणीत सांगतात, मी गुजरातीत लिहितो. पुष्कळसे अर्ज आता संगणकावर भरले जातात; तरी काय मागायचे, कोणाकडे आणि कोणत्या शब्दांत, हे कोणीतरी आधी कागदावर उतरवावेच लागते. असे अर्ज माझ्या टेबलावर पस्तीस वर्षे येत होते. आता तेच मी टेबलाच्या या बाजूला बसून लिहितो. या बाजूने लिहिताना प्रत्येक शब्दाला अधिक वजन येते, कारण त्याच्यामागे खुर्ची नाही. मांडणी खरी आणि स्पष्ट असेल तेवढेच त्याचे बळ. जर्मनीतील ते शाळकरी पेन या कामाला उत्तम चालते. मध्यम निब शिरोरेषेला अडखळत नाही, आणि गुजराती लिपीला तर शिरोरेषाच नाही.

सारांश, परदेशात पेनांची दुकाने शोधावीत की नाही, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. अवश्य शोधावीत. दुकानाच्या काचेपुढे उभे राहून डोळे निववण्यात दोष नाही. पण पैसे मोजण्यापूर्वी मनाशी हिशेब मांडावा: हे पेन मी घेतले, तर मी त्याचे काय देणे लागेन? पत्र कोणाला लिहिणे राहिले आहे? कोणाचे काम माझ्या अक्षराविना अडले आहे? या प्रश्नांना उत्तर असेल तर शाळकरी पेनही कमी नाही आणि महागडे पेनही पाप नाही. उत्तर नसेल तर पेन तेथेच राहू द्यावे. ज्याच्यापाशी उत्तर आहे असा कोणी मागाहून येईल. मी घेतलेली पेने माझ्यानंतर कोणाकडे जावीत, याचा विचार अलीकडे मनात येतो. जो त्यांनी लिहील त्याची ती, एवढेच मी मुलांना सांगून ठेवले आहे.